पिनवार गठ्ठे आणि लिबरऑफिस कॅल्क: घाऊक टपालाच्या तयारीसाठी एक परीक्षण

सहकारी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल असो, एखाद्या न्यासाचे मासिक असो किंवा वितरकांना पाठवायचे दरपत्रक असो, हजारो पाकिटे एकाच दिवशी टपालात टाकण्याचे काम ज्यांच्याकडे असते त्यांचा खरा वेळ छपाईत जात नाही, तर छापून आलेली पाकिटे गावांनुसार आणि पिनकोडनुसार लावण्यात जातो. हे लावण्याचे काम कागदावर न करता पत्त्यांच्या यादीतच करून टाकले, तर पत्त्याची लेबले मुळातच गठ्ठ्यांच्या क्रमाने छापून बाहेर पडतात आणि पाकिटे पुन्हा हातात घेऊन वेगळी करावी लागत नाहीत. या कामासाठी लिबरऑफिस या मुक्त संचातील कॅल्क हा तक्त्यांचा प्रोग्राम आणि त्याला जोडलेली रायटर या लेखनाच्या प्रोग्राममधील लेबल-छपाईची सोय कितपत उपयोगी पडते, एवढ्याच मर्यादित प्रश्नाचा विचार येथे केला आहे. या संचाचे इतर गुण-दोष येथे विचारात घेतलेले नाहीत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पाच-दहा हजार पत्त्यांपर्यंतच्या कामासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज मला वाटत नाही. मात्र कॅल्क हे टपालासाठी बनवलेले साधन नसल्यामुळे त्याला टपालाचे नियम आपणच शिकवावे लागतात, आणि ते शिकवताना पिनकोडची रचना नीट माहीत नसेल तर सगळी क्रमवारी दिसायला सुबक आणि वापरायला निरुपयोगी होते.

म्हणून पिनकोडबद्दल दोन शब्द. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी मराठी होते, संस्कृत कवीही होते. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा विभाग दाखवतो, पहिले दोन मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून वर्गीकरण जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ या जोड्यांनी सुरू होतात आणि गोव्याचे ४०३ ने. आता येथे ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की, वर्गीकरण जिल्हा आणि महसुली जिल्हा हे एक नव्हेत. बारामती पुणे जिल्ह्यात आहे, पण तिचा पिन ४१३१०२. म्हणजे टपालाच्या दृष्टीने ती सोलापूर (४१३००१), लातूर (४१३५१२) आणि धाराशिव (४१३५०१) यांच्या गटात बसते. श्रीरामपूर (४१३७०९) अहिल्यानगर जिल्ह्यातले असूनही त्याच गटात जाते, तर शिर्डीचा पिन ४२३१०९ असल्याने ती मनमाड आणि मालेगाव यांच्या शेजारी येते. साताऱ्याचा ४१५००१ आणि रत्नागिरीचा ४१५६१२ हे दोन्ही ४१५ मध्ये आहेत, मध्ये सह्याद्री उभा असला तरी. जिल्ह्याच्या नावानुसार गठ्ठे बांधून नेणाऱ्याला टपाल कार्यालयाच्या खिडकीवर ते पुन्हा सोडायला लावले जातात, त्यात त्या खिडकीवरच्या माणसाचा काही दोष नसतो.

नावानुसार क्रमवारी लावण्यात दुसरीही अडचण आहे. एकाच यादीत औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर आणि अहिल्यानगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी जुनी-नवी नावे मिसळलेली असतात, आणि कर्जत म्हणजे रायगडमधले (४१०२०१) की अहिल्यानगरमधले (४१४४०२), खेड म्हणजे रत्नागिरीतले (४१५७०९) की पुण्यातले राजगुरुनगर (४१०५०५), हे नावावरून कळत नाही. पिन मात्र नाव बदलल्याने बदलला नाही. तेव्हा क्रमवारीची पहिली किल्ली पिन, दुसरी गाव किंवा पेठ, तिसरी आडनाव, हा क्रम मी पक्का मानतो. कॅल्कच्या सॉर्टच्या खिडकीत या तिन्ही किल्ल्या एकाच वेळी देता येतात आणि हजारो नोंदी क्षणात लागतात. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

तक्रार सुरू होते ती त्याआधी, म्हणजे यादी स्वच्छ करताना. आणि परीक्षणाचा मोठा भाग याच टप्प्याला द्यावा लागतो, कारण कामाचाही मोठा भाग येथेच असतो. बहुतेक संस्थांची सभासद यादी अनेक हातांनी, अनेक वर्षे भरलेली असते. तीत पिन कधी इंग्रजी आकड्यांत असतो, कधी देवनागरीत. कधी तीन-तीन आकड्यांमध्ये जागा सोडलेली असते, कधी पत्त्याच्या शेवटच्या ओळीलाच चिकटलेला असतो. आणि जुन्या सभासदांच्या बाबतीत तो नसतोच, नुसते ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई २८’ लिहिलेले असते. माणसाला हे सगळे वाचता येते. कॅल्कला मात्र इंग्रजी आकड्यांतला पिन म्हणजे संख्या आणि बाकीचे सगळे म्हणजे मजकूर, आणि चढत्या क्रमात आधी संख्या व नंतर मजकूर अशी त्याची रीत असल्याने सदाशिव पेठेतले काही सभासद यादीच्या पहिल्या भागात आणि त्यांचेच शेजारी यादीच्या तळाशी, असा प्रकार घडतो. लेबले छापून होईपर्यंत हे लक्षात येत नाही.

यावर कॅल्कमध्ये एक लहानशी, फारशी कोणी न वापरणारी सोय आहे. व्ह्यू मेनूमध्ये व्हॅल्यू हायलाइटिंग हा पर्याय निवडला की संख्या निळ्या, मजकूर काळा आणि सूत्रे हिरवी दिसू लागतात. पिनच्या स्तंभात एकही काळा पिन उरता कामा नये, एवढी एकच कसोटी लावून काम करावे. देवनागरी आकडे शोधा-आणि-बदला वापरून दहा फेऱ्यांत इंग्रजी करता येतात. मधल्या जागा त्याच रीतीने काढता येतात. आणि जे तरीही मजकूर म्हणूनच अडून बसतात त्यांच्यासाठी डेटा मेनूतील टेक्स्ट टू कॉलम्स ही आज्ञा चालवली की ते संख्या होतात. केवळ सेलचे स्वरूप मजकुरावरून संख्येवर बदलले तर आत आधी भरलेले काही बदलत नाही, हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही आणि प्रोग्रामही सांगत नाही.

‘पुणे ३०’ या प्रकारासाठी थोडे गणित पुरते. मोठ्या शहरांचे पूर्वीचे विभाग-क्रमांक नव्या पिनच्या शेपटात तसेच राहिल्यामुळे पुण्यासाठी ४११००० मध्ये, मुंबईसाठी ४००००० मध्ये आणि नागपूरसाठी ४४०००० मध्ये तो क्रमांक मिळवला की पिन तयार होतो: पुणे ३० चा ४११०३०, मुंबई २८ चा ४०००२८, नागपूर १० चा ४४००१०. ठाण्याला मात्र ४००६०० पासून मोजावे लागते. सूत्र एका ओळीचे आहे, पण शहर कोणते हे ठरवायला कोणीतरी यादी वाचावीच लागते.

पिन संख्या म्हणून ठेवण्याचा सल्ला काहींना खटकेल, कारण अमेरिकेतील झिपकोड किंवा आपलेच सभासद क्रमांक संख्या म्हणून ठेवले तर सुरुवातीची शून्ये गळतात, हा अनुभव सर्वांना आहे. आपल्याकडे कोणताही पिन शून्याने सुरू होत नाही, म्हणून ही भीती पिनच्या बाबतीत नाही. उलट संख्या ठेवल्याचा फायदा असा की पिनला हजाराने भागून पूर्णांक घेतला की पहिले तीन आकडे, म्हणजे वर्गीकरण जिल्हा, वेगळ्या स्तंभात आपोआप मिळतो. सभासद क्रमांकाचा स्तंभ मात्र यादी उघडतानाच मजकूर म्हणून नोंदवावा. सीएसव्ही, म्हणजे स्तंभ स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, उघडताना येणाऱ्या खिडकीत प्रत्येक स्तंभाचा प्रकार निवडता येतो, आणि त्याच खिडकीत अक्षरसंच यूटीएफ-८ आहे ना हेही पाहून घ्यावे, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. जुन्या छपाई-फॉन्टमध्ये भरलेल्या याद्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय या कामाला हातच लावू नये. त्या बदलण्यासाठी अनोळखी संकेतस्थळावर सभासदांची नावे-पत्ते चढवणे मला योग्य वाटत नाही, आणि वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यापासून तर संस्थांनी याचा अधिक गांभीर्याने विचार करायला हवा. सगळे काम आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय होते, ही कॅल्कची या संदर्भातली मोठी जमेची बाजू आहे.

यादी स्वच्छ झाली तरी पिन बरोबर आहे की नाही हे कॅल्कला कळत नाही. स्पीड पोस्टच्या तेरा अक्षरी क्रमांकात शेवटून तिसऱ्या जागी पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे टंकनाची बहुतेक चूक पकडता येते. पिनमध्ये तशी सोय नाही, आणि ४१६४१६ (सांगली) ऐवजी कोणी ४१६४६१ लिहिले तर आकडे सहाच भरतात, संगणक गप्प बसतो. उपाय आहे तो शासनाच्या खुल्या विदा संकेतस्थळावर मिळणाऱ्या अखिल भारतीय पिनकोड सूचीचा. ती कॅल्कच्या दुसऱ्या पानावर ठेवून व्हीलूकअप या शोधण्याच्या सूत्राने प्रत्येक पिनसमोर कार्यालय आणि जिल्हा आणता येतो, आणि जो पिन सूचीत सापडत नाही तो लगेच उघडा पडतो. सूत्राचा चौथा घटक शून्य द्यायला विसरू नये, अन्यथा नेमका पिन न सापडल्यास जवळचा कोणतातरी उचलला जातो आणि चूक झाकली जाते. २४.८ या आवृत्तीपासून एक्सलूकअपही आले आहे. त्यात नेमकी जुळणी हाच मूळ पर्याय असल्याने हा धोका राहत नाही.

या पडताळणीलाही मर्यादा आहेत. एकाच पिनखाली अनेक शाखा-कार्यालये असतात आणि सूत्र त्यांतील पहिलेच दाखवते. सूचीतली नावे रोमन लिपीत असल्याने देवनागरी गावांशी ती आपोआप जुळत नाहीत. आणि पिन अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते, तो त्या सभासदाचा आहे हे सिद्ध होत नाही. अमेरिकेत टपाल खात्याच्या प्रमाणित पत्ता-तपासणीला जोडलेले खास सॉफ्टवेअर वापरून यादी तपासावी लागते, सवलतीच्या व्यापारी टपालासाठी किमान २०० नग किंवा ५० पौंड वजन असावे लागते, आणि कोणत्या ट्रेमध्ये किती पाकिटे हे तेच सॉफ्टवेअर ठरवते. त्या सोयींची अपेक्षा ठेवून कॅल्क उघडणाऱ्याची निराशा होईल. आमच्या प्रकारच्या कामात फायदा दरात नव्हे तर वेळेत आणि चुकीच्या दिशेने जाणारी पाकिटे कमी होण्यात दिसतो.

ट्रे कसे ठरवायचे याचे तर्कशास्त्र मात्र उसने घेता येते, आणि कॅल्क मला सर्वांत अधिक आवडले ते या ठिकाणी. काउंटइफ या मोजणीच्या सूत्राने प्रत्येक पिनची पाकिटे मोजावीत, तसेच प्रत्येक वर्गीकरण जिल्ह्याचीही. मग एका स्तंभात असा नियम लिहावा की, एखाद्या पिनची पाकिटे ठरावीक संख्येहून अधिक असतील तर गठ्ठा त्या पिनचा. नसतील, पण पहिल्या तीन आकड्यांची पुरेशी असतील तर गठ्ठा वर्गीकरण जिल्ह्याचा. तीही नसतील तर पहिल्या दोन आकड्यांचा. ती ठरावीक संख्या एका वेगळ्या सेलमध्ये ठेवली की पाकिटाच्या जाडीनुसार ती बदलता येते: आठ पानी पत्रिकेसाठी मोठी, जाड अहवालासाठी लहान. सेलमधला आकडा बदलताच सगळे गठ्ठे नव्याने ठरतात. हेच काम हाताने करणाऱ्याला गठ्ठा किती जाड होईल याचा अंदाज घेत मध्येच फेरविचार करावा लागतो; येथे तो छपाईच्या आधी, खुर्चीत बसून होतो. क्रमवारी मग या गठ्ठ्याच्या स्तंभावर प्रथम, आणि त्यानंतर पिन, गाव, आडनाव अशी लावायची. सॉर्टमध्ये आणखी किल्ल्या देता येतात.

गठ्ठ्यांची संख्या आणि प्रत्येकातील नग यांचा गोषवारा पिव्हट टेबलने वेगळ्या पानावर काढावा. तोच छापून टपाल कार्यालयात सोबत नेला की मोजणी सोपी जाते. सबटोटल्स ही आज्ञा याच कामाची वाटते, पण ती मूळ यादीच्या मध्येमध्ये बेरजेच्या ओळी घुसवते आणि मग लेबलांमध्ये पत्त्याऐवजी बेरजा छापल्या जातात; तिचा मोह टाळावा.

सॉर्ट करताना एक धोका कायम असतो. फक्त पिनचा स्तंभ निवडून क्रमवारी लावायला घेतली तर कॅल्क विचारते की, शेजारच्या स्तंभांतही माहिती आहे, निवड वाढवायची की एवढ्याच भागाची क्रमवारी लावायची? घाईत दुसरे बटण दाबले तर पिन हलतात आणि नावे जागच्या जागी राहतात, म्हणजे प्रत्येक सभासदाला दुसऱ्याचा पिन मिळतो. प्रोग्राम विचारतो हे चांगले, पण प्रश्नाची भाषा नवख्याला त्यातला धोका जाणवेल अशी नाही. मेनू मराठीत उपलब्ध आहेत, तरी बहुतेक कार्यालयांत ते इंग्रजीतच ठेवलेले दिसतात, त्यामुळे हा प्रश्न वाचल्याशिवाय पुढे जाण्याची सवय अधिकच. यादीत पहिलाच स्तंभ मूळ अनुक्रमांकाचा ठेवावा, म्हणजे लावलेला क्रम केव्हाही मोडून मूळ क्रमाला परतता येते. स्तंभच वेगवेगळे हलल्याच्या गोंधळावर मात्र आधी जपून ठेवलेली प्रत हाच इलाज.

आता लेबले. कॅल्कची यादी रायटरला सरळ जोडता येत नाही; आधी ती डेटा सोर्स म्हणून नोंदवावी लागते, आणि त्यासाठी बेस या संचातील विदासंग्रहाच्या प्रोग्रामची एक लहान फाइल तयार होते. हा मधला टप्पा कार्यालयातील माणसाला अनाकलनीय वाटतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एक्सेलची फाइल निवडली की काम पुढे सरकते, त्या मानाने येथे पायऱ्या अधिक आहेत, आणि ज्यांच्याकडे तो संच आधीच विकत घेतलेला आहे त्यांनी केवळ या कामासाठी बदल करावा असे मी म्हणणार नाही, कारण पिनची वर सांगितलेली सारी सूत्रे तेथेही चालतात. एकदा नोंदणी झाली की मात्र फाइल-न्यू-लेबल्स या मार्गाने कागदाचे माप निवडता येते; बाजारात मिळणाऱ्या ए-फोर कागदावरील २४ लेबलांच्या पत्र्याचे माप यादीत न सापडल्यास ते स्वतः मोजून भरता येते, आणि ‘सिंक्रोनाइझ कंटेंट्स’ ही खूण केली असेल तर पहिल्या लेबलात केलेली दुरुस्ती एका बटणाने सर्व लेबलांत पोहोचते. ही खूण सुरुवातीलाच करावी लागते.

हजारो नोंदी एकाच दस्तऐवजात विलीन करायला सांगितल्या तर रायटर मंदावते. नोंदींची मर्यादा घालून, एका वेळी काही शे लेबले अशी छपाई केली की काम सुरळीत होते, आणि एवीतेवी गठ्ठ्यांनुसारच छापायचे असल्याने हे तुकडे पाडणे कामाच्या ओघातच बसते. छपाई आडव्या ओळींनी, डावीकडून उजवीकडे होते; लेबले सोलणाऱ्यांना हे सांगून ठेवले नाही आणि त्यांनी उभ्या रांगेने सोलली, तर संगणकाने लावलेला क्रम टेबलावर विस्कटतो. प्रत्येक गठ्ठ्याच्या आधी यादीत एक जादा ओळ घालून तीत नावाच्या जागी ‘गठ्ठा ४१६’ आणि नगांची संख्या लिहिली, तर तीही लेबल म्हणून छापली जाते आणि गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीचे काम करते. या ४१६ मध्ये कोल्हापूर आणि सांगली दोन्ही येतात, हे ती चिठ्ठी वाचणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याला एकदा तरी समजावून सांगावे लागते.

महाराष्ट्राबाहेरच्या पत्त्यांबद्दल एक सूचना. बेळगाव (५९०००१), निपाणी (५९१२३७), इंदूर (४५२००१), बडोदा (३९०००१) येथे मराठी वर्गणीदार आणि सभासद पुष्कळ असतात. त्यांच्या लेबलांवर पत्ता मराठीत असला तरी गावाचे आणि राज्याचे नाव रोमन लिपीत आणि पिन इंग्रजी आकड्यांत दिलेला बरा. पहिल्या आकड्यावरून महाराष्ट्राबाहेरचे पत्ते वेगळे ओळखायचे असतील तर केवळ ४ पाहून चालत नाही, कारण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच विभागात आहेत. पहिले दोन आकडेच पाहावेत, आणि गोव्याचे (४०३) पत्ते वेगळे काढायला तिसराही. इंदूरचे लेबल इतर महाराष्ट्रीय लेबलांसारखे छापले जाण्याचे कारण बहुधा हेच असते.

सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागत असल्याने ऑगस्ट अखेरीस हे सारे काम एकदम अंगावर येते, आणि त्या घाईत सूत्रे नव्याने लिहिणे शक्य नसते. म्हणून पिनची दुरुस्ती, गठ्ठ्यांचा नियम आणि पिव्हट यांचे एक तयार पुस्तक जूनमध्येच करून ठेवावे व त्यात नुसती नवी यादी चिकटवावी. परत आलेल्या पाकिटांवरील शेरे, म्हणजे ‘स्थलांतरित’, ‘पत्ता अपूर्ण’, ‘मयत’, यांसाठीही त्याच पुस्तकात स्तंभ असावा आणि गठ्ठ्याच्या नियमात तो स्तंभ भरलेला असल्यास लेबल न काढण्याची अट असावी. ‘मयत’ शेऱ्याचे खाते मात्र यादीतून वगळण्याआधी वारस-नोंदीच्या कारकुनाकडे पाठवावे. ते काम कोणत्याही क्रमवारीच्या सॉफ्टवेअरचे नाही.